मदत हवी आहे : आयोडीनचा निळा रंग गेला, तरी द्रावणात ग्लुकोज जवळजवळ नाही

नमस्कार. स्टार्चच्या विरळ द्रावणात लाळ मिसळून ते ३७ अंश सेल्सिअसला ठेवले, की काही मिनिटांत आयोडीनला निळा रंग येईनासा होतो आणि बेनेडिक्टच्या चाचणीत शर्कराही दिसते. मात्र फक्त ग्लुकोज ओळखणारी पट्टी बुडवल्यास तिचा रंग जेमतेम बदलतो.

याचे अर्धे कारण मला समजले आहे. लाळेतील अमायलेज हे विकर (एन्झाइम) टोकापासून एकेक ग्लुकोज सोडवत बसत नाही, ते साखळीच्या मधल्याच अल्फा-१,४ बंधांचे (ग्लुकोजची एकके एका ओळीत जोडणाऱ्या दुव्यांचे) पाण्याच्या साहाय्याने विघटन करते. अमायलोजच्या, म्हणजे स्टार्चमधील सरळ साखळीच्या, लांब वेटोळ्यात आयोडीन शिरल्याने निळा रंग येत असल्यामुळे साखळीचे मोजके तुकडे होताच तो जातो, आणि उरतात ती मुख्यतः माल्टोज (दोन ग्लुकोजची जोडी), माल्टोट्रायोज (तीन ग्लुकोजचा तुकडा) व फांद्या असलेली डेक्स्ट्रिने (साखळीचे छोटे तुकडे). माल्टोजही बेनेडिक्टला प्रतिसाद देते. (रंग गेला म्हणजे पचन झाले, ही मांडणी म्हणूनच मला फसवी वाटते.)

माझी अडचण फांद्यांपाशी आहे. अमायलोपेक्टिनमध्ये (स्टार्चच्या फांद्या असलेल्या घटकात) साधारणपणे दर २४ ते ३० ग्लुकोज एककांमागे एक अल्फा-१,६ बंध, म्हणजे फांदी जोडणारा दुवा, असतो. अमायलेज तो तोडत नाही हे ठीक, पण त्याच्या लगतचे अल्फा-१,४ बंधही शाबूत का राहतात? आणि सगळे ग्लुकोज सुटे करायचे असल्यास पुढे कोणते विकर घालावे?

प्रतिसाद :

अमायलेजच्या खाचेत एका वेळी ग्लुकोजची अनेक एकके ओळीने बसावी लागतात. फांदी जवळ असली की ती आड येते आणि एरवी सहज तुटणारा बंधही विकराच्या कक्षेबाहेर राहतो. लहान आतड्यात ही शिल्लक माल्टेज-ग्लुकोअमायलेज आणि सुक्रेज-आयसोमाल्टेज ही विकरे निपटतात. अल्फा-१,६ बंध तोडण्याचे काम प्रामुख्याने आयसोमाल्टेजचे.

आपण बुरशीपासून मिळणारे ग्लुकोअमायलेज वापरावे. ते साखळीच्या टोकाकडून ग्लुकोज सोडवत जाते आणि अल्फा-१,६ बंधही तोडते, जरी त्याला वेळ अधिक लागतो. घाई असेल तरच फांद्या तोडणारे पुल्युलनेज सोबत घ्यावे. दोन्ही टप्पे एकाच वेळी उरकू नयेत, कारण लाळेतील अमायलेजला उदासीनच्या जवळचा सामू (pH) लागतो, तर ग्लुकोअमायलेज ४.५ च्या आसपास उत्तम चालते. तेव्हा आधी अमायलेजला काम करू द्यावे, मग सामू उतरवावा. उकळून थंड केलेल्या लाळेची एक तुलना-नळीही सोबत ठेवावी.