विषय: सुट्टीवरून आलो, प्रायस उठेना

मंडळी, नमस्कार.

सहा आठवडे पुण्यात काढून परवा एडिसनला परतलो. दारातली २०१० ची प्रायस (टोयोटाची पेट्रोल-विजेवर चालणारी हायब्रिड गाडी) ढिम्म हलत नाही. रिमोटने दारच उघडेना, शेवटी किल्लीच्या पोटातली धातूची किल्ली काढून आत शिरलो. पॉवरचं बटण दाबलं की दिवे मिणमिणतात, पण गाडी चालायला तयार असल्याचा 'रेडी'चा दिवा येत नाही. एका गॅरेजवाल्याने फोनवरच सांगितलं, हायब्रिड बॅटरी गेली, काही हजार डॉलर लागतील. कुणाला अनुभव?

---

अरे, गाडीची नाडी न बघता निदान करणाऱ्या वैद्याला एवढ्यात पैसे देऊ नकोस.

तुझ्या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत. थोरली, म्हणजे गॅरेजवाला म्हणतो ती हायब्रिड बॅटरी, २०१.६ व्होल्टची, मागच्या सीटच्या पाठीशी. धाकटी साधी १२ व्होल्टची, डिकीत उजव्या कोपऱ्यात तळाशी. दारांची कुलपं, कॉम्प्युटर, सगळं धाकटीवर चालतं. थोरलीला गाडीशी जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) तीच ओढते. म्हणजे थोरली कितीही भरलेली असो, धाकटी झोपली की तिचा उपयोग शून्य. उभ्या गाडीतही धाकटीतून थोडा थोडा करंट जातच असतो. सहा आठवडे फार झाले.

आता गंमत अशी की डिकीचं कुलूपही विजेवर. त्यामुळे बॅटरीपाशी पोचायला मागच्या सीटवरून रांगत जावं लागतं. मी एकदा गेलोय, कंबर आठवडाभर बोलत होती. तू तो उद्योग करू नकोस. बॉनेट उघड, फ्यूजबॉक्समध्ये लाल झाकणाखाली जंपसाठी, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वायरींनी वीज घेण्यासाठी, टोक दिलंय. प्लस तिथे, मायनस इंजिनजवळच्या कोऱ्या धातूच्या बोल्टला. उलटं लावलंस तर मात्र खरंच मोठा खर्च येईल, दोनदा बघ. इंजिन फिरवायचं काम थोरली करते, त्यामुळे जंपला फार जोर लागत नाही. नारिंगी वायरींना हात लावायचा नाही, त्या थोरलीच्या जास्त व्होल्टच्या.

'रेडी' आलं की गाडी 'पी'मध्येच (पार्क) ठेवून तासभर चालू दे. 'एन'मध्ये (न्यूट्रल) थोरली चार्ज होत नाही.

– काका

---

काकांच्या मेलला जोडून. धाकटी बदलायची वेळ आली तर एजीएम प्रकारचीच (जिच्यात आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं) घ्या आणि वायू बाहेर नेणारी नळी आठवणीने जोडा, कारण ती बॅटरी प्रवाशांच्याच हवेत बसलेली असते. आम्ही भारतात जाताना तिची मायनस वायर काढून जातो. आणि चावी गाडीजवळच्या खुंटीला टांगू नका, गाडी तिच्याशी बोलत राहते.

मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी आहे, थोरलीला गार हवा तिथूनच मिळते. तिथे पिशव्या रचू नका. आमच्या जाळीत कुत्र्याचे केस गच्च भरले होते.

– ताई

---

काका, ताई, गाडी चालू झाली! मल्टिमीटरवर धाकटी ९.४ व्होल्ट दाखवत होती, 'रेडी' आल्यावर १४.१. जंपला शेजाऱ्याची जुनी कॅमरी आणली. तो विचारत होता, "हायब्रिडला पण जंप लागतो?" धाकटीला सात वर्षं झाली आहेत, शनिवारी बदलतोय.

ताई, जाळीही काढून बघितली. आमच्याकडे कुत्रा नाही, पण गेल्या विसर्जनाचा गुलाल निघाला.