चार-लिंकचा कृत्रिम गुडघा टाच टेकताच मुडपतो, काय बदलू?

शंतनू (इंदूर)
मांडीतून पाय कापलेल्यांसाठी गुडघ्याचा सांधा करतोय, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. चार लिंक म्हणजे मांडीकडचा भाग, नडगीकडचा भाग आणि त्यांना पिनांनी जोडणाऱ्या पुढची-मागची अशा दोन दांड्या. खऱ्या गुडघ्यात एसीएल आणि पीसीएल या आतल्या दोन अस्थिबंध-दोऱ्या एकमेकींना छेदतात, म्हणून या दोन लिंक फुलीसारख्या बसवल्या. स्क्रीनवर चाल अगदी माणसासारखी दिसते. पण जिगवर (चाचणीच्या सांगाड्यावर) टाच टेकवून ८० किलो भार दिला की सांधा मुडपतो. लिंक ६०६१ अ‍ॅल्युमिनियमच्या, पिना ८ मिमी. लिंक जाड कराव्यात का? आणि लोकांना मांडी घालून बसता यायला हवं.

अवयव_तंत्रज्ञ
जाडी वाढवून काही होणार नाही. टाच टेकते तेव्हा खरा गुडघा मांडीच्या पुढच्या स्नायूने धरलेला असतो. तुमच्या सांध्याला तो स्नायूच नाही. हुबेहूब नक्कल इथेच फसते.

गुडघा सरळ ठेवून दोन्ही लिंकच्या मध्यरेषा काढा. त्या छेदतात ते तात्कालिक केंद्र, म्हणजे त्या क्षणी सांधा ज्या बिंदूभोवती फिरतो तो. फुलीत ते फुलीवरच असतं. खुबा ते घोटा या भाररेषेच्या ते पुढे पडलं की सांधा मुडपणारच. फुली सोडा. पुढची लिंक वरच्या टोकाला मागे झुकवा, मागची त्याहून उभी ठेवा; छेद वर आणि मागे जाईल. वर गेल्यामुळे खुब्याच्या थोड्या जोरावरही ताबा राहतो.

मात्र फार मागे नेऊ नका, नाहीतर चवड्यावरून पाऊल उचलताना गुडघा वाकत नाही आणि पाय फरपटतो. आधी १० मिमी मागे धरून पाहा. पहिल्या ५ ते १० अंशांत केंद्र पुढे आणि खाली यायला हवं. वाकताना नडगीची प्रभावी लांबी घटते, त्यामुळे चवडा जमिनीला अडखळत नाही. चार-लिंकचा हा मोठाच फायदा आहे.

टूलरूम_पीथमपूर
डाव्या-उजव्या लिंक एकत्र क्लॅम्प करून एकाच सेटिंगमध्ये ड्रिल आणि रीम करा (रीम म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणं). भोकांच्या अंतरात थोडा जरी फरक राहिला तरी सांधा जड फिरतो. बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) तेल मुरवलेल्या नायलॉनचे घ्या, पिना कडक केलेल्या स्टीलच्या. ४० मिमी रुंदीत ०.१ मिमी खेळ असेल तर ४४० मिमी खाली पाऊल १.१ मिमी डुलतं, आणि हे एकाच पिनेचं. चारींचा खेळ साचत जातो. सरळ होताना धक्का बसतो तिथे रबराचा स्टॉप हवाच, नाहीतर तडा पिनेच्या भोकापासून सुरू होतो.

शंतनू (इंदूर)
धन्यवाद सर, फुली काढतो. मांडीचं काय?

अवयव_तंत्रज्ञ
मांडी घालायला नडगी बाजूला वळावी लागते. चार-लिंक एकाच प्रतलात फिरते, तिच्याकडून ते होणार नाही. सॉकेट (उरलेली मांडी बसते तो साचा) आणि गुडघ्याच्या मध्ये लॉकवाला टर्नटेबल, म्हणजे फिरती चकती, बसवा. त्याची उंची आधीच धरा, नाहीतर गुडघा दुसऱ्या पायापेक्षा खाली येईल. उकिडवं बसण्यासाठी १२० अंशांपुढे तपासताना दोन लिंक एका रेषेत येत नाहीत ना ते पाहा. आल्या की सांधा तिथेच अडतो.

एकदा ८० किलो पेलला म्हणजे झालं असं नाही. आयएसओ १०३२८ या कृत्रिम पायांच्या मजबुतीच्या मानकात ३० लाख आवर्तनांची चाचणी आहे, तीही भार तिरका देऊन. ती पार पडेपर्यंत हा सांधा कुणाच्या पायाला लावू नका. मध्येमध्ये मशीन थांबवून पिनांच्या भोकांवर डाय-पेनिट्रंट (चिरांत शिरणारा रंग) मारा, बारीक चिरा त्यातच दिसतात.