पत्रिकेत जे मोजलंच नाही, ते ‘नॉर्मल’ कसं?

कोलारकाठ
नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा या कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या गावांतल्या भाजीबद्दल काल एकाने इथे ठोकून दिलं, "धुऊन घ्या अन् बिनधास्त खा, आमची मृदा आरोग्य पत्रिका नॉर्मल आहे." माती तपासून मिळणाऱ्या त्या सरकारी पत्रिकेत 12 बाबी असतात. नत्र-स्फुरद-पालाशपासून बोरॉन, सामू (pH), सेंद्रिय कर्बापर्यंत. कोळशाच्या राखेतून येणारं शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा त्यात कुठे आहे? जुलै 2022 मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून राख शेतांत शिरली, ती या पत्रिकेला कशी कळणार? आमच्याकडे पालक धुतला की भांड्याच्या तळाशी करडा गाळ बसतो. तो जातो. मुळांनी ओढलेलं कसं धुणार?

काळी_माती
काल लिहिणारा मीच. आपली माती चुनखडीची, सामू 8 च्या आसपास. अशा मातीत शिसं, कॅडमियम बांधलं जातं, पिकाला सहज मिळत नाही. त्यातही शिसं बहुतेक मुळातच अडकतं, पानावर दिसतं ते धुळीचं. म्हणून धुवा म्हटलं. तुमच्या असल्या पोस्टींनी बाजारात आमची मेथी पडून राहते. गावाचं नाव ऐकलं की गिऱ्हाईक पुढे जातं. ते नुकसान कोण भरणार?

कोलारकाठ
अर्धंच सांगताय. ज्या सामूत शिसं बांधलं जातं, त्यातच आर्सेनिक, सेलेनियम जास्त मोकळं होतं. कॅडमियमही पालेभाजी इतर पिकांपेक्षा जास्त ओढते.

चांदा_ते_बांदा
मूळ मुद्दा सोडून काय भांडता? चंद्रपूरचं केंद्र 2920 मेगावॉटचं. राख आमच्या गच्चीवर, खोकला आमच्या म्हाताऱ्यांना आणि दिवे मुंबई-पुण्यात! वर रात्रीबेरात्री मोटार लावायला शेतात आम्हीच जायचं.

मुठेकाठी
झालं सुरू. ग्रिड एकच असतो, साहेब. तुमचे कारखाने काय कंदिलावर चालतात?

चांदा_ते_बांदा
कंदील तुम्ही लावून बघा एक महिना! डहाणूत 500 मेगावॉटचं केंद्र, तिथे चिकूवाले कोर्टात गेले, गंधक रोखणारी एफजीडी यंत्रणा बसली. आमच्याकडे तारखा पुढे-पुढे, आणि जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने देशातल्या बहुतेक केंद्रांना सूटच दिली. मुंबईजवळ असलं की जीव महाग होतो का?

मुठेकाठी
डहाणूकर काही मंत्रालयात राहत नाहीत. वर्षानुवर्षं लढले म्हणून मिळालं. तुम्ही लढा, आमच्या नावाने बोटं मोडू नका.

चांदा_ते_बांदा
लढतोच आहोत. तुमच्या बातम्यांत येत नाही, एवढंच.

कोलारकाठ
अहो, एफजीडीने चिमणीतलं गंधक थांबतं. पारा थोडा अडतो. बंधाऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्याचं काय? आपल्या कोळशात 30-40 टक्के राखच. ती कुठेतरी टाकावीच लागते, आणि ती आमच्या विहिरींशेजारी पडते.

काळी_माती
पत्रिकेत शिसं नाही, बरं बाबा, मान्य. मग नीट मोजा. मातीतलं एकूण वेगळं, पिकाला मिळू शकणारं वेगळं. एकाच वाफ्यातला पालक धुतलेला आणि न धुतलेला, दोन्ही तपासा. विहिरीचं पाणीही. आणि निकाल येईपर्यंत गावाचं नाव घेऊन भाजी बदनाम करू नका.

कोलारकाठ
नाव घेणार नाही. पण तपासणीचा पैसा शेतकऱ्याने भरायचा नाही. राख ज्याची, बिल त्याचं. असा अर्ज लिहितो, सही देता का?

काळी_माती
देतो. आधी मेथीचं लिहा त्यात.