मदत हवी आहे: गुन्हा नसताना पोलीस ठाण्याच्या संशयितांच्या यादीतून भावाचं नाव कसं काढायचं?

आम्ही फासेपारधी, नागपूरलाच राहतो. लहान भावावर आजवर एकही गुन्हा नाही, तरी आसपास चोरी झाली की पोलीस रात्री दारात, चल म्हणतात, सकाळपर्यंत बसवून ठेवतात आणि कोऱ्या कागदावर सही घेऊन सोडतात. दोन वर्षांत चारदा झालं असं, आता तो चप्पल उशाशी घेऊनच झोपतो. अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा 1952 ला रद्द झाला तरी आमच्यावरचा संशय काही गेला नाही.

ठाण्यात लेखी अर्ज दिला तर पोच देत नाहीत. माहिती अधिकारात यादीची प्रत मागितली, गोपनीय म्हणून नाकारली, अपील टाकलंय. खाजगी वकील झेपत नाही पण एसटीचा दाखला आहे म्हणून विधी सेवा प्राधिकरणात फॉर्म भरतोय.

सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2024 ला विमुक्त (म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या) जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नका असं पोलिसांना सांगितलंय, तो निकाल प्रिंट काढून ठेवलाय, पण भावाची अटक कागदावर दाखवतच नाहीत ना. मग अर्ज पोलीस आयुक्तांकडे करायचा, पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे, की सरळ हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका? आणि रात्री परत आले तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 35 ची, चौकशीला हजर राहण्याची लेखी नोटीस दाखवा म्हणून भावाला जायला नकार देता येतो का?