गावाकडचं हजार-बाराशे माणसांचं लग्न: यादी, पत्रिका आणि हिशोब मोबाईलवर कसा ठेवायचा?

दुधनाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यात गावी, शेतात मांडव घालून लग्न आहे. वैशाखातली तिथी, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटं. बाराशेच्या आसपास पान होईल असा वडीलधाऱ्यांचा अंदाज. करणारी माणसं तीन ठिकाणी आहेत: वडील-चुलते गावी, मामा नांदेडला, पोरं पुण्याला. वहीतल्या यादीच्या तीन नकला झाल्यात आणि तिन्हींचा एकमेकींशी मेळ नाही. लग्नासाठीची तयार ॲपं पाहिली. त्यांत 'येणार की नाही ते कळवा' आणि टेबल नंबर वगैरे आहे. चूलबंद आवतन (घरातल्या सगळ्यांना बोलावणं), फेट्यांचा मान, गाववार पत्रिका वाटप हे त्यांत बसत नाही. यादी कशात ठेवावी? पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवली तर चालते का? शेताचा पत्ता लोकांना कसा सांगायचा? आणि पैशांचा हिशोब? जाणकारांनी नीट सांगावं.

मांजराथडी

ॲप सोडा, गूगल शीट घ्या. फुकट आहे, मराठी चालतं आणि तिन्ही ठिकाणची माणसं एकाच यादीत लिहू शकतात. एकच फाइल करा, तिच्यात चार पानं: पाहुणे, खर्च, सामान, कामं. दुसरी फाइल काढायची नाही. तीन याद्यांचं दुखणं तिथूनच सुरू होतं.

पाहुण्यांच्या पानावर एक ओळ म्हणजे एक चूल, एक माणूस नव्हे. आवतन घराला जातं, म्हणून हिशोबही घराचाच. रकाने असे: घरातल्या कर्त्याचं नाव, गाव, तालुका, मोबाईल, गट (भावकी, सोयरे, मामाकडचे, गावकरी, नोकरी-धंद्यातले), आवतनाचा प्रकार (चूलबंद, जोडी, एक माणूस), घरातली माणसं, मान (फेटा, टॉवेल-टोपी, साडी, काही नाही), मुक्काम आहे का, पत्रिका कोण देणार, पोचली का. गट, प्रकार आणि मान हे तीन रकाने 'ड्रॉपडाऊन' करा, म्हणजे निवडायचं, टाइप करायचं नाही. नाहीतर एकजण 'फेटा' लिहितो, दुसरा 'फेटे', आणि 'काऊंटइफ' (मोजणीचं सूत्र) लावल्यावर वीस फेटे कमी निघतात. पोचली का, याला चेकबॉक्स.

मोबाईल नंबरचा रकाना सगळ्यांत कामाचा. नावं दोनदा येतात, कारण पाटील कुणी दीर्घ लिहितं कुणी ऱ्हस्व, आणि मामांच्या यादीतले 'आबा' वडिलांच्या यादीत पूर्ण नावाने असतात. नंबर मात्र एकच. त्या रकान्याला कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये (अटीनुसार रंग देण्याची सोय) 'काऊंटइफ एकपेक्षा जास्त' असा नियम लावला की दोनदा आलेली घरं लाल होतात. त्यासाठी नंबर सगळ्यांनी दहा आकडी, मध्ये जागा न सोडता, सुरुवातीचे ९१ न लावता लिहावेत.

इथेच एक चूक हमखास होते. मराठी कळफलकावरून '५' टाइप केलं की शीट त्याला अक्षर समजतं, आकडा नाही. बेरीज येते, पण ती घरं सोडून येते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. आकड्यांच्या रकान्यांत इंग्रजी आकडेच टाका, असं पहिल्या ओळीतच लिहून ठेवा.

दुसरी चूक: कुणीतरी गाववार लावायला जातं, फक्त गावाचाच रकाना निवडून सॉर्ट करतं, आणि सेलूच्या माणसाला मानवतचं गाव चिकटतं. तसं झालं तर घाबरू नका, 'व्हर्जन हिस्टरी'तून आदल्या वेळची यादी परत आणता येते. पण लिहायचा हक्क चौघांनाच द्या, बाकीच्यांना फक्त बघायचा.

माणसांचा अंदाज असा काढा. गावातल्या १५० चुली, घरटी ४, म्हणजे ६००. त्यातले ९० टक्के धरले तर ५४०. बाहेरगावचे सोयरे १६० घरं, घरटी ३, म्हणजे ४८०, त्यांचे ७० टक्के ३३६. नोकरी-धंद्यातले २००, अर्धे धरा, १००. एकूण ९७६. हे टक्के उदाहरणापुरते आहेत, ते वेगळ्या चौकटींत ठेवा म्हणजे बदलता येतील. दाट तिथी असेल आणि त्याच दिवशी पंचक्रोशीत चार लग्नं असतील, तर बाहेरगावचा आकडा खाली आणा. गावातला आणू नका.

बालाघाट

पत्रिकेबद्दल. तुम्ही मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवता तो युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईल-संगणकांच्या आजच्या सामायिक लिपी-पद्धतीत असतो. तालुक्याच्या ठिकाणचे बरेच छापखाने अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर काम करतात. तुमचा मजकूर तिकडे चिकटवला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाते, 'ऱ्या' तुटतो, जोडाक्षरं सुटी होतात. मग ऑपरेटर सगळं हाताने पुन्हा टाइप करतो आणि चुका तिथे शिरतात. म्हणून मजकुराची पीडीएफ सोबत द्या, आणि त्यांनी केलेलं प्रूफ मोबाईलवर न बघता कागदावर काढून घ्या. वाचताना तीनच गोष्टींवर बोट ठेवून वाचा: नावाआधीचं चि., चि. सौ. कां., कै. किंवा श्री. बरोबर आहे का, वार आणि तारीख जुळते का, मुहूर्ताची मिनिटं. एखाद्या हयात माणसाच्या नावाआधी कै. छापलं गेलं तर ते कशानेही भरून निघत नाही.

निमंत्रकांच्या नावांचा क्रम घरात बसून आधी ठरवा, शीटमध्ये वेगळ्या रकान्यात क्रमांक घालून ठेवा. प्रूफ आल्यावर फोनवर नावं घुसडली की कुणीतरी खाली सरकतं, आणि रुसवे तिथून सुरू होतात.

व्हॉट्सॲपसाठी स्वतः डिझाइन करणार असाल तर फॉन्ट बघून घ्या. पुष्कळ मोफत देवनागरी फॉन्टांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. 'तिरो देवनागरी मराठी'मध्ये आपल्या वळणाचे आहेत.

आता पत्ता. आपल्याकडे पिंपळगाव, वडगाव, बोरगाव किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे, वर बुद्रुक आणि खुर्द. नुसतं गावाचं नाव टाकून मॅप लावणारा दुसऱ्याच तालुक्यात उतरतो. म्हणून मांडवाच्या जागी उभं राहून, सॅटेलाइट दृश्य लावून, गाड्या जिथून आत वळतील त्या तोंडावर बोट दाबून पिन टाका. मांडवाच्या मध्यावर नको, कारण मॅप मग मागच्या शिवाराची पायवाटसुद्धा रस्ता धरतो. काळ्या रानात अवकाळीची एक सर आली की अशा वाटेवर जीप रुतते. पिन टाकल्यावर डांबरी रस्त्यापासून स्वतः एकदा मॅप लावून गाडीने या.

त्या लिंकचा क्यूआर पत्रिकेवर छापा. संकेतस्थळांवरचे फुकट 'डायनॅमिक' क्यूआर घेऊ नका, त्यातले बरेचसे चाचणीची मुदत संपली की बंद पडतात आणि पत्रिका तर छापून वाटलेल्या असतात. मोबाईलच्या क्रोममध्ये लिंक उघडून 'शेअर'मधून निघणारा साधा क्यूआर कायम चालतो. आकार २ सेंटीमीटरपेक्षा लहान नको, पांढऱ्यावर काळा. सोनेरी शाई किंवा चकचकीत लाल कागदावर कॅमेरा तो बरेचदा वाचत नाही. आणि क्यूआरखाली शब्दांतही लिहा: कोणता रोड, कोणती कमान, आत किती किलोमीटर, डावीकडे की उजवीकडे. निम्मे लोक तेच वाचून येतात.

गोदातीर

पत्रिका फक्त व्हॉट्सॲपवर पाठवू नका, असं माझं स्पष्ट मत. पहिली पत्रिका कुलदैवताला, मग ग्रामदैवत, मग भावकी. सोयऱ्यांच्या घरी माणूस जाऊन, अक्षता देऊन, 'सगळ्यांनी यायचं' म्हणतो तेव्हाच ते आवतन होतं. आणि 'येणार का ते कळवा' असा फॉर्म तर भावकीत फिरवूच नका, तो अपमान वाटतो. विचारायचंच असेल तर फक्त मुक्कामी पाहुण्यांना, तेही फोनवर: किती जण, कोणत्या गाडीने, किती वाजता.

शीटचा खरा उपयोग वाटपाला आहे. तालुका आणि गाव लावून यादी छापा, एका वाटेवरची गावं एका कागदावर, आणि तो कागद गाडीवर जाणाऱ्या जोडीला द्या. संध्याकाळी त्यांच्या खुणा बघून घरातल्या एकाने चेकबॉक्स भरायचे. वाटणाऱ्यांना मोबाईलवर भरायला लावलं की निम्मं राहून जातं.

मांजराथडी

गोदातीर म्हणतात ते बरोबर. व्हॉट्सॲप हे आठवणीसाठी: चार दिवस आधी एकदा, आदल्या संध्याकाळी मॅपच्या लिंकसह एकदा. ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) २५६ च नंबर बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून सगळं एकाच फोनवरून पाठवू नका. भावकीला वडिलांच्या फोनवरून, आजोळच्यांना मामांच्या, मित्रमंडळींना पोरांच्या. अनोळखी नंबरांना एकदम शेकडो निरोप टाकले तर व्हॉट्सॲप खातं बंद करू शकतं, आणि ते लग्नाच्या आठवड्यात झालं तर मोठी पंचाईत.

पत्रिका फोटो किंवा पीडीएफच असू द्या. फाइलच्या नावाशेवटी 'एपीके' असलेली (म्हणजे खरं तर ॲप बसवणारी) लग्नपत्रिका पाठवून फोनचा ताबा घ्यायचा आणि खातं रिकामं करायचं, ही फसवणूक आपल्याकडे पोचलेली आहे. हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याचे पैसे असे गेल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या होत्या. पत्रिकेसोबत स्वतःच्या आवाजात दहा सेकंदांचा निरोप पाठवा, समोरच्याला खात्री पटते. कुणी फसलंच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावायला सांगा.

शिवारमांडव

हिशोबाचं सांगतो. खर्चाच्या पानावर प्रत्येकाची एक ओळ: मंडप, आचारी, बँड, फोटो-व्हिडिओ, जनरेटर, पाणी, फेटे बांधणारा, गाड्या. पुढे ठरलेली रक्कम, विसार (आगाऊ दिलेले पैसे), विसार दिल्याची तारीख, कुणी दिला, कसा दिला, बाकी. बाकी हाताने लिहू नका, वजाबाकीचं सूत्र घाला. 'काय काय ठरलं' हा रकाना मोठा ठेवा. भांडण रकमेवरून होत नाही, 'खुर्च्या धरून की सोडून', 'जनरेटरचं डिझेल कुणाचं', 'वाढपी आचाऱ्याचे की आपले' यावरून होतं. ठरल्यावर तेच चार ओळींत त्याला व्हॉट्सॲपवर पाठवून 'हो' लिहून घ्या.

यूपीआयने साधारणपणे दिवसाला १ लाखाची मर्यादा असते, बँकेनुसार कमीही. बस्त्याच्या दिवशी दुकानात उभं राहून ती अडते. मोठी रक्कम आधीच बँकेतून पाठवायची तयारी ठेवा. आणि एका प्रसंगासाठी एकाच माणसाकडून २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, आयकर कायद्यात घेणाऱ्याला दंड आहे. मंडपवाला सगळं रोख मागत असेल तर हे त्याला सांगा.

सामानाच्या पानावर आचाऱ्याची यादी शंभर माणसांमागे किती, अशी लिहून घ्या. त्याने ८ किलो तांदूळ सांगितले तर सूत्र: ८ गुणिले एकूण माणसं भागिले १००. माणसांचा आकडा पाहुण्यांच्या पानावरून आपोआप येऊ द्या. ९७६ चे ११०० झाले की तांदूळ ७८ किलोंवरून ८८ वर जातो, डाळ-तेलही सोबत हलतं. वैशाखात पाणी माणशी २ लिटर धरा. ११०० माणसांना २० लिटरचे ११० जार. त्यातले पहिले तीस मुहूर्ताआधीच लागतात, कारण लोक उन्हातून येतात.

आहेरासाठी वहीच ठेवा. एक लिहिणारा, एक मोजणारा. क्यूआर ठेवायचा तर वधू किंवा वराच्या खात्याचाच, आणि खाली नाव मोठं छापा. लिहिणाऱ्याने पैसे आल्याचा निरोप खात्याच्या फोनवर बघूनच नोंद करावी, देणाऱ्याच्या फोनवरचा हिरवा टिकमार्क बघून नव्हे. दुसऱ्या दिवशी वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

दुधनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, यादी आजच शीटवर घेतो. दोन शंका. परदेशातल्या आत्यांना लग्न थेट दाखवायचं आहे, ते यूट्यूबवरून होईल का? आणि आचाऱ्याला शेवटचा आकडा कधी सांगायचा?

बालाघाट

होईल, पण आदल्या दिवशी सुरू करून नाही. चॅनल फोन नंबरने पडताळावं लागतं आणि पहिल्यांदा लाइव्ह चालू व्हायला २४ तासांपर्यंत लागतात. मोबाईलवरून थेट करायला चॅनलला निदान ५० सबस्क्रायबर हवेत. लॅपटॉपवरून केलं तर ती अट नाही, म्हणून फोटोवाल्याला विचारा. 'अनलिस्टेड' ठेवा, लिंक असलेल्यांनाच दिसेल. डीजेची सिनेमातली गाणी वाजली की कॉपीराइटमुळे प्रक्षेपण अडू शकतं, तेव्हा फक्त मंगलाष्टकांचा अर्धा तास दाखवा. नेटचं म्हणाल तर रिकाम्या शेतात मोजलेला वेग खरा धरू नका. हजार फोन एकाच टॉवरवर आले की तो बसतो. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा आणि काही झालं तरी कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग चालू राहू द्या.

शिवारमांडव

आचाऱ्याला तीन वेळा: पंधरा दिवस आधी किराण्यासाठी, चार दिवस आधी भाजी-दुधासाठी, आणि मुहूर्ताच्या सकाळी ९ वाजता, तोपर्यंत मुक्कामी पाहुणे मोजून होतात. भात आणि वरण दोन टप्प्यांत चढवायला सांगा. दुसरं पातेलं पहिल्या दोन पंगती बघून ठरवतात.

गोदातीर

छापील पत्रिका पाच-सहा बाजूला काढून ठेवा, पुढे विवाह नोंदणीच्या कागदांत ती लावावी लागते. तीन साक्षीदार लागतात, आणि नोंदणी लग्नापासून ९० दिवसांत करायची असते. गावात ती ग्रामपंचायतीत होते. पत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव आताच जुळवून बघा, प्रूफ हातात आहे तोवर.