प्रतिसाद: बोलेरोच्या टपावर घरगुती कॅरिअर

तंबू ठेवायला बोलेरोवर घरीच कॅरिअर बनवायचं, तर टपाला भोकं पाडून थेट नट-बोल्ट मारा, असा सल्ला वर कुणीतरी दिलाय. तो कृपया टाळा. टपाचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. सिलिकॉन कितीही थापलं तरी पावसाळ्यात पाणी आत येणारच, आणि खड्ड्यांत सगळं वजन त्या चार भोकांवर. बोलेरोच्या टपाच्या कडेला दोन्ही बाजूंनी पावसाचं पाणी वाहून जायची पन्हळ आहे, तिला क्लॅम्प लावा. एका बाजूला निदान तीन.

आता सांगाडा. २५ × २५ मिमीचा, २ मिमी जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप मीटरला साधारण १.४ किलो भरतो. १२ मीटर लागला तर १७ किलो टपावर नुसतेच, तंबू नंतर. त्याच मापाचं अ‍ॅल्युमिनियम सहा किलोंत होतं, पण त्याचं वेल्डिंग नाक्यावरच्या फॅब्रिकेटरला सहसा जमत नाही. बोल्टने जोडा. कोकणात फिरणार असाल तर स्टीलचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉन वॉशर हवाच, नाहीतर खारी हवा सांधा खाते.

लोखंडच घेणार? मग रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर), पाइपांची तोंडं बंद, आणि खालून पाणी निथळायला बारीक भोक. उघडी तोंडं हायवेवर शिट्ट्या मारतात, डोकं उठतं!

जड सामान मात्र गाडीतच ठेवा. घाटातल्या वळणावर टपावरचं वजन फार जाणवतं.