‘इनॉक्युलेट’मधला डोळा आणि संत्र्याचा डोळा एकच का?

जंबेरीखुंट (वरूड):
आमची संत्र्याची रोपवाटिका आहे. बाबांचं सारं आयुष्य कलमं बांधण्यात गेलं. पेन्सिलीएवढा जाड झालेला जंबेरीचा (हे एक जातीचं लिंबू) खुंट घ्यायचा, वीतभर उंचीवर टी आकाराचा काप द्यायचा, चाकूच्या टोकानं साल हळूच उचलायची, संत्र्याच्या काडीवरचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, सालीसकट काढून आत सरकवायचा आणि पट्टी घट्ट गुंडाळायची. याला आम्ही डोळा भरणं म्हणतो. मुलगी नर्सिंगला आहे. तिच्या पुस्तकात ‘इनॉक्युलेशन’ आलं म्हणून घरातला जुना शब्दकोश उघडला, तर लस टोचण्याच्या खाली दुसरा अर्थ दिलेला: झाडाला डोळा भरणे! हा योगायोग की खरंच नातं आहे? डोळ्याचे असे आणखी शब्द असले तर सांगा, बाबांना वाचून दाखवायचे आहेत.

भाषावेडी:
नातं खरं आहे. लॅटिनमध्ये ‘ओक्युलस’ म्हणजे डोळा, माणसाचा तसाच झाडाचाही. आपल्या ‘अक्षि’चा तो भाऊच. ‘इन’ म्हणजे आत. इंग्रजीत पंधराव्या शतकापासून हा शब्द माळ्यांचाच होता. अठराव्या शतकात देवीच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीला काप देऊन आत घालू लागले, आणि त्यालाही हाच शब्द लागला. १७२१ साली लंडनमध्ये देवीची साथ असताना लेडी मेरी वॉर्टली माँटेग्यू यांनी आपल्या मुलीला असं टोचून घेतलं. ही रीत त्यांनी तुर्कस्तानात पाहिली होती. एडवर्ड जेनर या डॉक्टरची देवीवरची लस १७९६ची, म्हणजे त्याच्याही नंतरची. बाबांना जरूर सांगा, हा शब्द डॉक्टरांकडे गेला तो त्यांच्या धंद्यातून.

माझा सगळ्यात लाडका शब्द मात्र ‘प्युपिल’, डोळ्यातलं मधलं काळं. लॅटिन ‘प्युपिला’ म्हणजे छोटी बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात आपलं चिमुकलं रूप दिसतं, तीच ही. मराठीतही आपण बाहुलीच म्हणतो, आणि संस्कृत ‘कनीनिका’तसुद्धा मुलगीच दडलेली आहे. लेकीला म्हणावं, उजेडात बसून आजोबांच्या डोळ्यात बघ.

सासष्टीकर:
‘विंडो’ राहिला. जुन्या नॉर्स भाषेत तो वाऱ्याचा डोळा. आपलं गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा.
पण जपून, दिसायला सारखे शब्द फसवतात. बिशपच्या पीठाला इंग्रजीत ‘सी’ म्हणतात, अक्षरं हुबेहूब पाहण्याच्या ‘सी’ची. त्याचा डोळ्याशी काही संबंध नाही. तो लॅटिन ‘सेदेस’, म्हणजे आसन, यावरून आला. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलचा ‘से’ तोच.

जंबेरीखुंट (वरूड):
मनापासून आभार. काल संध्याकाळी ओट्यावर सगळं वाचून दाखवलं. बाबांनी हातातली काडी खाली ठेवली आणि एकच विचारलं, ‘डोया लागला, हे थे लोक कसं म्हनतात?’

भाषावेडी:
काय नेमकं विचारलंत! कलम जगलं की इंग्रजीत ते ‘टेक’ झालं म्हणतात. आणि देवीची लस टोचलेल्या जागी फोड उठला की डॉक्टरही तेच म्हणत, लस ‘टेक’ झाली.